पाच सामन्यांची चिठ्ठी

१४ सप्टेंबर, शनिवार. कारागांदा

अध्यापनातून निवृत्त झाल्यापासून मी फळ्यावर काही लिहिलेले नाही, आणि पत्नी कानिपा गेल्यापासून फारसे बोललेलोही नाही. मनाला शिस्त राहावी म्हणून आजपासून ही दैनंदिनी ठेवीत आहे. जे घडेल ते आणि जे वाटेल ते सरळपणे लिहायचे. रकमांचे आकडे मात्र लिहायचे नाहीत. ते मला असभ्य वाटते.

आज मुलगी शिनार आणि जावई दाउरेन जेवायला आले होते. शिनारने तिच्या आईच्या पद्धतीने बेशबार्माक हा मांसाचा पदार्थ केला होता. कणकेच्या पट्ट्या जरा जाड झाल्या होत्या, पण मी बोललो नाही. चहाच्या वेळी ती एकदम म्हणाली, "बाबा, याला तुम्हीच सांगा. माझं तर ऐकतच नाही. पगार झाला की त्याच दिवशी पैजा."

"मी काय दारू पितो का?" दाउरेन म्हणाला.

"पीत असतास तर बरं झालं असतं. बाटली निदान संपते तरी!"

चौकशी केली तेव्हा कळले की हा इसम खेळांच्या निकालांवर पैजा लावतो, आणि त्यातही ज्याला इथे 'एक्स्प्रेस' म्हणतात त्या प्रकारच्या. एकाच चिठ्ठीवर चार-पाच सामन्यांचे निकाल वर्तवायचे. प्रत्येक निकालाला कंपनीने एक गुणक दिलेला असतो. ते सारे गुणक एकमेकांनी गुणायचे. सगळे निकाल खरे ठरले तर लावलेल्या पैशांच्या तितक्या पटीने पैसे मिळतात. एक जरी चुकला तरी काहीही मिळत नाही.

"एक म्हणजे एकच?" मी विचारले.

"एकच, बाबा. मागच्या आठवड्यात सहातले पाच आले होते माझे. पाच! सहाव्यात शेवटच्या मिनिटाला पेनल्टी." हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते. हरल्याची गोष्ट सांगताना कोणाचे डोळे असे चमकलेले मी पाहिले नव्हते.

मी आयुष्यभर तंत्रमहाविद्यालयात पदार्थांचे सामर्थ्य हा विषय शिकवला. साखळी किती भार घेईल हे तिची सर्वांत कच्ची कडी ठरवते, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळते. हे मी त्याला गणिताने पटवून देईन, असे शिनारला आश्वासन दिले आहे.

संध्याकाळी कानिपाच्या धाकट्या भावाचा, जुमाकानचा, गावाहून फोन आला. तिच्या वर्षाचे जेवण सात डिसेंबरला ठरले. वर्ष पुरे व्हायच्या आत, आणि थंडी पडल्यावर मांसही टिकते. त्या जेवणासाठी कापायची तांबडी घोडी व्यवस्थित आहे. चाळिसाव्याच्या दिवशी मुल्ला आणि सगळ्या नातेवाइकांसमोर जुमाकानने तिच्या आयाळीवर हात ठेवून 'ही आपाच्या वर्षासाठी' असे म्हटले होते. ती शिंगरू असताना कानिपाने एक उन्हाळाभर तिला बाटलीने दूध पाजले होते. आता ती दुसऱ्या कशासाठीही नाही.

"घोडी तुमच्यापेक्षा गोल झालीय, दाजी," जुमाकान म्हणाला. "तुम्ही मात्र वाळत चाललाय. तुम्हाला कापायला घेतलं तर सुरी वाया जायची!"

मेहुण्याने बहिणीच्या नवऱ्याची थट्टा करावी ही आमच्याकडची रीतच आहे, पण हा माणूस अतिरेक करतो.

१५ सप्टेंबर, रविवार

खंडन तयार झाले. नाण्याचे उदाहरण घेतले आहे. छाप की काटा, याचा न्याय्य गुणक दोन. कंपनी मात्र एक पूर्णांक नऊ दशांश देते. फरक ती आपल्याकडे ठेवते. एका पैजेत हा विसावा हिस्सा, म्हणजे क्षुल्लक वाटतो. पाच नाणी एका चिठ्ठीवर घेतली तर न्याय्य गुणक बत्तीस. कंपनीचा मात्र पंचवीसही भरत नाही. म्हणजे सामने वाढतात तसा कंपनीचा वाटाही स्वतःलाच गुणत जातो, आणि पाचाला तो पाचव्या हिश्शाच्या वर पोचतो. खेळणाऱ्याला दिसतो फक्त मोठा आकडा.

इतका नेटका पुरावा बऱ्याच दिवसांत लिहिला नव्हता. कानिपा असती तर तिला वाचून दाखवला असता. तिला गणित कळत नसे, पण ती ऐकत असे.

२१ सप्टेंबर, शनिवार

दाउरेनने पुरावा लक्षपूर्वक वाचला. मग म्हणाला, "सगळं बरोबर आहे, बाबा. पण तुम्ही नाण्याचं लिहिलंय. सामना म्हणजे काय नाणं असतं? कोण जखमी आहे, कोण थकलाय, कुठल्या संघाला जिंकायची गरज आहे, हे ज्याला कळतं त्याच्यासाठी ते नाणं नसतं. कंपनीही कधी कधी चुकीचा गुणक लावते."

"तुला हे कळते?"

"मला नाही कळत. म्हणून तर हरतो! तुमच्यासारखं डोकं असतं तर..." आणि तो हसला. "तुम्ही कोरड्या काठावर उभं राहून पोहण्यावर व्याख्यान देताय, बाबा."

आक्षेप वरवरचा होता, पण शास्त्रीयदृष्ट्या रास्त होता. मोजमाप न करता मत देणे मला कधीच मान्य नव्हते. म्हणून निव्वळ निरीक्षणासाठी त्याच्याकडून माझ्या फोनवर, माझ्या नावाने, खाते उघडून घेतले. लहानात लहान रक्कम. महिनाभर निरीक्षणे टिपायची आणि मग निष्कर्ष त्याच्यापुढे ठेवायचा.

शिनारला हे सांगायचे नाही असे आम्ही दोघांनी ठरवले. तिला उगीच गैरसमज व्हायचा.

५ ऑक्टोबर, शनिवार

घरात एकटे बसून सामने पाहणे मला जमत नाही. टीव्हीसमोर दोन खुर्च्या आहेत. म्हणून बाजाराजवळच्या पैजांच्या दुकानात जाऊन बसलो; त्याला इथे सगळे 'कोन्तोरा' म्हणतात. भिंतीवर पडदे, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि ओव्हरकोट न काढता बसलेली माझ्या वयाची माणसे. कोणी कोणाला घरच्याबद्दल विचारत नाही, याचे मला बरे वाटले.

शेजारी वेनिआमिन नावाचा एक निवृत्त खाण-मोजणीदार बसतो. त्याने माझा कागद पाहिला. मी प्रत्येक संघाच्या मागच्या दहा सामन्यांचा तक्ता केला होता.

"तुम्ही प्रोफेसर दिसता!"

"अध्यापक होतो."

"मग बरोबर ठिकाणी आलात. इथे सगळेच शिकायला येतात. मी सतरावं वर्ष शिकतोय, अजून परीक्षा पास नाही!"

त्याच्याकडून काही तांत्रिक गोष्टी समजल्या. एकाच सामन्यातले दोन परस्परावलंबी निकाल एका चिठ्ठीत घेता येत नाहीत. एखादा सामना रद्द झाला तर त्याचा गुणक एक धरतात, म्हणजे तो गळून पडतो आणि बाकीचे तसेच चालू राहतात. हॉकीत फक्त नियमित वेळेचा निकाल धरतात, जादा वेळेचा नाही. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे, चिठ्ठीतले काही सामने बरोबर आल्यावर आणि बाकीचे व्हायच्या आत कंपनी ती चिठ्ठी आपल्याकडून परत विकत घ्यायला तयार असते.

"ते फोनवर दिसतं," वेनिआमिन म्हणाला. "हिरवं बटण. दाबलं की थोडे पैसे मिळतात. पण ते कोणी दाबत नाही."

"का?"

"अहो, गाडीत बसल्यावर एक स्टेशन आधी कोण उतरतं?"

माझी तीन सामन्यांची चिठ्ठी बरोबर आली. रक्कम नगण्य. तथापि घरी परतताना मी जिने चढून गेलो, लिफ्ट चालू असूनही. थकवा जाणवला नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

शिनारने सात शेल्पेक, म्हणजे पातळ पुऱ्या, तळले. गरम तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो, असे म्हणतात. दुआ झाल्यावर ती खिडकीत उभी राहिली आणि म्हणाली, "आईला तेवढी अ‍ॅम्ब्युलन्स वेळेवर मिळाली असती तर..." आणि तिने वाक्य तोडले.

तिने तोडलेले वाक्य मी दिवसभर पुढे नेत होतो. आणि आज मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. ती इथे नोंदवून ठेवतो.

त्या दुपारी जानेवारीतले सर्वांत मोठे बर्फाचे वादळ आले. जवळच्या ठाण्यातली अ‍ॅम्ब्युलन्स नेमकी दुसरीकडे गेलेली होती. दूरच्या ठाण्याहून निघालेल्या गाडीच्या वाटेत एक मालट्रक आडवा झाला. आमच्या इमारतीची लिफ्ट त्याच दुपारी बंद पडली, आणि स्ट्रेचर सातव्या मजल्यावरून जिन्याने उतरवावे लागले. शेवटी, हृदयरोगाचे जे एक डॉक्टर त्या आठवड्यात शहरात होते, ते बर्फामुळे स्वतःच रस्त्यात अडकले होते.

पाच घटना. एकीचा दुसरीशी संबंध नाही (वादळाचा थोडाफार असेल, तेवढी सूट मी दिली आहे). यांतली कोणतीही एक घडली नसती तर कानिपा आज स्वयंपाकघरात असती. प्रत्येक घटनेची शक्यता मी शक्य तितक्या प्रामाणिकपणे ठरवली, त्यावरून गुणक काढले आणि गुणाकार केला. आलेला आकडा इतका मोठा आहे की कोणत्याही कोन्तोऱ्याने तो पडद्यावर लावला नसता.

म्हणजे अशी चिठ्ठी बरोबर येऊ शकते. माझ्या घरात ती आलेली आहे. सप्टेंबरातल्या माझ्या पुराव्यात चूक नव्हती, पण तो अपुरा होता. त्यात मी हे गृहीत धरले होते की असे घडत नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

निरीक्षणे चालू आहेत. महिन्याची मुदत थोडी वाढवली आहे, कारण नमुना लहान होता. लहान रकमांनी निरीक्षण नीट होत नाही, असेही लक्षात आले: माणूस लहान रक्कम काळजीपूर्वक लावीत नाही.

पाच सामन्यांच्या चिठ्ठ्यांमध्ये चार बरोबर येण्याचे प्रमाण उल्लेखनीय आहे. वेनिआमिनला मी म्हणालो, की पाचात चार म्हणजे ऐंशी टक्के. आमच्या महाविद्यालयात याला विशेष प्रावीण्य म्हणत.

"इथे ऐंशी टक्क्याला शून्य म्हणतात, प्रोफेसर," तो म्हणाला.

विनोद म्हणून ठीक आहे. पण ज्याचे निर्णय ऐंशी टक्के अचूक आहेत त्याची पद्धत चुकीची आहे, असे कोण म्हणेल?

निवृत्तिवेतन यायला अजून अवकाश आहे. जेवणात साधेपणा ठेवला आहे; तो प्रकृतीलाही चांगला.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज दाउरेन एकटाच आला. बूट काढून बराच वेळ दारातच उभा राहिला. मग आत येऊन माझ्या टेबलावरचे तक्ते पाहू लागला.

"बाबा, हे सगळं तुमचं?"

"निरीक्षणे आहेत."

तो खुर्चीवर बसला. "मी सोडलं. परवा सरकारी यादीत स्वतःचं नाव घातलं. आता कुठलाच कोन्तोरा माझी पैज घेणार नाही. घालायचं म्हटलं तर घरबसल्या होतं, फोनवर."

मी त्याचे अभिनंदन केले. माझ्या पुराव्याचा उशिरा का होईना परिणाम झाला, याचे समाधान वाटल्याचेही सांगितले.

"पुराव्याने नाही," तो म्हणाला. "परवा बाजारात होतो. कोन्तोऱ्याच्या काचेतून तुम्ही दिसलात. तुम्ही पडद्याकडे बघत होतात, आणि... बाबा, मी असाच दिसतो का, हे मला कधी कळलंच नव्हतं." मग तो थोडा पुढे सरकला. "तुमचंही नाव घालू या का? आत्ता, इथेच. एक मिनिट लागतं. शिनारला काही कळणार नाही. तुम्हाला या खड्ड्यात मीच नेलं."

मी त्याला समजावले की ती यादी खेळाच्या आहारी गेलेल्यांसाठी आहे. मी या विषयाचा अभ्यासक आहे. अभ्यासकाने स्वतःला प्रयोगशाळेतून हद्दपार करण्यात काय अर्थ?

"मीही हेच म्हणायचो," तो म्हणाला. "फक्त मला इतके चांगले शब्द सुचत नव्हते."

त्याचे डोळे पाणावले होते. स्वभाव हळवा आहे. चहा न घेताच गेला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पुढच्या शनिवारी पाच सामने असे जुळून आले आहेत, जसे मी सगळ्या शरदात पाहिले नाहीत. पाचही मी आठवडाभर तपासले. गुणाकार मोठा आहे, पण अवास्तव नाही. प्रश्न फक्त एवढाच होता की पुरेशी रक्कम हाताशी नव्हती.

जुमाकानला फोन केला. घोडी विकून पैसे पाठव, असे सांगितले.

तो आधी हसला. "काय दाजी, आपाच्या वर्षाला शेवयांचं सूप पाजणार का पाहुण्यांना? की मलाच कापायचा बेत आहे? मी पण गोल झालोय हं!"

मी गांभीर्याने म्हणालो की याहून चांगली व्यवस्था होत आहे. सात डिसेंबरच्या आत याच्यापेक्षा पुष्ट घोडी आणली जाईल, आणि उरलेल्या पैशांत जेवण सगळ्या इमारतीला घालता येईल. कानिपाला शोभेल असे.

फोनवर वारा ऐकू येत होता. तो बाहेर कुरणात असावा.

"दाजी," तो म्हणाला, आणि आवाज वेगळा होता, "ती आपाच्या नावाने सोडलेली आहे. सगळ्यांसमोर. नाव घेतलेलं जनावर विकत नाहीत. तुम्हाला माहीत नाही का?"

"भावना मला समजते. पण शेवटी एका जनावराच्या जागी दुसरे येते. नियत महत्त्वाची."

"काय झालंय? तब्येत बरी आहे ना? शिनार बरी आहे?"

"सर्व ठीक आहे. मी तुला विनंती करीत नाही, जुमाकान. मी वडीलधारा म्हणून सांगतो आहे."

 तो "बरं" म्हणाला. मी घरातला थोरला आहे आणि ती माझी पत्नी होती. त्याला दुसरे काही म्हणता आले नसते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जुमाकानने पैसे पाठवले. सोबत एकही शब्द नाही. घोडीची एवढी किंमत येईल असे मला वाटले नव्हते. भाव वाढलेले दिसतात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आजची नोंद सविस्तर करणे माझे कर्तव्य आहे.

दुपारी चिठ्ठी लावली. पाच सामने, संपूर्ण रक्कम. पहिला फुटबॉलचा सामना अर्ध्या वेळेतच निश्चित झाला. दुसराही. तिसरा हँडबॉलचा, तिथे एका गोलाने, पण जिंकलो. चौथ्यात पाहुण्यांचा संघ माझ्या तक्त्याप्रमाणेच थकला आणि उत्तरार्धात कोसळला. सगळे जसे वर्तवले होते तसे. खोलीत बसलेला असूनही मी वाऱ्यात उभा आहे असे वाटत होते.

पाचवा उरला: सायबेरियातल्या दोन संघांमधला हॉकीचा. तो सुरू होण्यापूर्वी दारावर थाप पडली. दाउरेन होता. त्याला जुमाकानने फोन केला होता, असे दिसते. त्याने आत येताच टेबलावरचा माझा फोन पाहिला. पडद्यावर चार हिरव्या खुणा होत्या आणि खाली ते बटण: कंपनी चिठ्ठी परत विकत घ्यायला तयार होती. त्यावर लिहिलेला आकडा पाहून त्याने मला दोन्ही खांद्यांना धरले. असे वर्तन त्याने पूर्वी कधी केले नव्हते.

"बाबा, दाबा. एवढ्यात घोडी परत येते! जेवण होतं, सगळं होतं. दाबा ना ते बटण!"

"चिठ्ठीची खरी किंमत याच्या दुपटीहून जास्त आहे. ते आपल्याला नुकसानीत विकत घेत आहेत."

"असू दे नुकसान! आईचं वर्ष आहे दोन आठवड्यांवर. सगळा गाव येणार आहे. काय वाढणार तुम्ही त्यांना?"

"चारवर थांबणे तर्कसंगत नाही."

"कुठला तर्क? तुम्हीच लिहून दिलं होतं मला, पाच म्हणजे कंपनीचा पाचवा हिस्सा! माझ्या पाकिटात अजून आहे तो कागद. दाखवू?"

मी त्याला शांतपणे समजावण्याचा प्रयत्न केला. मी म्हणालो, की जानेवारीत चार गोष्टींवर काही थांबले नव्हते. वादळ आले, गाडी नव्हती, ट्रक आडवा झाला, लिफ्ट बंद पडली, आणि तिथेही कोणी बटण दाबून चौथ्यानंतर ते थांबवले नाही. पाचवेही घडले. ज्या जगात ते पुरे झाले त्याच जगात हेही पुरे होईल. तेवढी बाकी माझी या जगाकडे आहे.

दाउरेनने माझे खांदे सोडले. तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जसे लोक जानेवारीत कानिपाच्या जनाज्याकडे पाहत होते. मग त्याने फोन घेण्यासाठी हात पुढे केला. मी फोन उचलून छातीशी धरला. एवढ्यात सामना सुरू झाला आणि ते बटण नाहीसे झाले.

त्याने जाताना दार वाजवले नाही. हळूच ओढून घेतले.

माझा संघ शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे होता. प्रतिस्पर्ध्यांनी गोलरक्षक बाहेर काढून जास्तीचा खेळाडू उतरवला आणि बरोबरी साधली. नियमित वेळ संपली. जादा वेळेत माझाच संघ जिंकला. पण नियम मला ठाऊक होता, त्यामुळे तक्रार करण्याचे कारण नाही.

पाचही सामन्यांत शेवटी विजयी झालेला संघ मी वर्तवलेलाच होता. हे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

२५ नोव्हेंबर, सोमवार

जुमाकानला फोन करून सांगितले की दुसऱ्या घोडीच्या व्यवस्थेत किंचित विलंब होत आहे. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत तो म्हणाला, "घोडीचं मी बघतो. तुम्ही काही करू नका." आणि फोन ठेवला. थट्टा नाही, काही नाही. कामात असेल.

८ डिसेंबर, रविवार

कानिपाचे वर्ष काल पार पडले. सर्व यथास्थित झाले. हॉल भाड्याने घेतला होता. गावाहून, तेमिरताउहून, अगदी बाल्खाशहूनही माणसे आली. कुराणपठण झाले. मांस उत्तम शिजले होते, घोड्याच्या मांसाची काझी, म्हणजे भरलेली आतडी, भरपूर होती, आणि वृद्ध स्त्रिया पुन्हापुन्हा म्हणत होत्या की किती दिवसांत इतकी पुष्ट घोडी पाहिली नव्हती.

जुमाकानने घोडी आदल्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या ट्रकमधून आणली होती. मी अंगणात जाऊन पाहिली. साम्य थक्क करणारे होते. तांबडा रंग, मागच्या डाव्या पायाला तेवढाच पांढरा पट्टा, कानाला तशीच खाच. तिने माझ्या बाहीला नाक लावले. क्षणभर मीही गोंधळलो. पण ती घोडी मी विकायला सांगितली होती आणि तिचे पैसे मला पोचले होते. तेव्हा ही ती नव्हे, हे उघड आहे. अशी जुळती घोडी इतक्या कमी अवधीत त्याने कुठून मिळवली, हे विचारले. तो खाली बघून दोर सोडवत राहिला.

मुल्लाने दुआमध्ये म्हटले, की ज्या जनावराला कानिपाने स्वतःच्या हाताने वाढवले, त्याचे पुण्य तिला लाभो. सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. ही दुसरी घोडी आहे हे त्यांना कोणी सांगितले नसावे. मीही दुरुस्ती केली नाही. प्रसंग तसा नव्हता.

एरवी स्वतःच्या जीपने येणारा जुमाकान या वेळी बसने परत गेला. त्याची जीप दुरुस्तीला टाकली असावी. कशाला टाकलीस असे मी विचारले, तर शिनार म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवा." तिचे डोळे सुजलेले होते, वर्षाच्या दिवशी ते साहजिकच आहे.

एक गोष्ट मात्र सुखावणारी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जुमाकान माझ्याशी नीट वागला. एकही थट्टा केली नाही, दाजी म्हटले नाही. निघताना दोन्ही हातांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "येतो, सापारगाली आगाय. प्रकृतीला जपा." परक्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावे तसे. वय झाल्यावर शहाणपण येते म्हणायचे.

१२ डिसेंबर, गुरुवार

आता कानिपाच्या थडग्यावरचा दगड तेवढा राहिला. जेवणात आलेल्या पाहुण्यांनी आहेर म्हणून जे दिले ते शिनारने एका पाकिटात वेगळे ठेवले होते. जुमाकानने तिला फोनवर सांगितले म्हणे, की दगडाचे तोच बघेल, पैसे त्याच्याकडे पाठव. हे ऐकून मला वाईट वाटले, आणि मी ते लपवले नाही. पत्नीचा दगड पतीने बसवायचा असतो. वर्षाच्या जेवणात मेहुण्याने इतका हात घातला, तेवढे पुरे.

शिनार बराच वेळ पाकीट हातात धरून उभी होती.

"बाबा, हे दगडासाठीच आहे ना?"

"मग आणखी कशासाठी असणार?"

"माझ्या डोळ्यांत बघून सांगा."

मी तिच्या डोळ्यांत पाहून सांगितले, आणि ते खरेच आहे. तिने पाकीट टेबलावर ठेवले. दाउरेन दारात होता. तो म्हणाला, "शिनार, नको ठेवूस." ती त्याच्यावर ओरडली, "माझे बाबा आहेत ते! तुझ्यासारखे नाहीत!" आणि दोघे भांडत जिना उतरून गेली. सहाव्या मजल्यापर्यंत आवाज येत होता.

घर शांत झाल्यावर मी नोव्हेंबरातले तक्ते पुन्हा काढले. घात पाचव्या सामन्याने केला, हे आता निर्विवाद आहे. चारच घेतले असते तर चिठ्ठी पूर्ण झाली असती. मग दगड नुसता राखाडी ग्रॅनाइटचा नव्हे, काळ्या पाषाणाचा, तिच्या कोरलेल्या चेहऱ्यासकट बसवता आला असता. जुमाकानचेही काही देणे असेल तर ते फेडता आले असते, जरी त्याला मी काही देणे लागतो असे मला वाटत नाही.

दगड बसवायचा तो वसंतात, जमीन मऊ झाल्यावर. तोपर्यंत ही रक्कम नुसती पडून राहील.